वाया गेलेल्या तासांचा हिशेब

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे संगणकतज्ज्ञ एके दिवशी नशिबाला बोल लावत, तणतणत आपल्या सहकाऱ्याच्या खोलीत शिरले. सहकाऱ्याचे नाव स्टुअर्ट फेल्डमन. सबंध सकाळ जॉन्सन आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधत बसले होते आणि अखेर त्यांच्या लक्षात आले, की ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली आहे. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे. मजकूर नवा, पण त्याचे रूपांतर जुनेच, आणि यंत्र इमानेइतबारे जुने रूपांतर चालवत होते. बिनचूक प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात सकाळ गेली.

फेल्डमन यांना याचे नवल वाटले नाही, कारण आदल्या संध्याकाळी तेही याच खड्ड्यात पडले होते. दोघांच्या बोलण्यातून एक कल्पना निघाली आणि त्या आठवड्याच्या सुट्टीत फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहून काढला. कोणती फाइल कोणत्या फायलीवर अवलंबून आहे, हे एकदा लिहून ठेवायचे. मग कोणत्या फायली अलीकडे बदलल्या हे त्यांच्या वेळांवरून पाहून, जेवढे नव्याने कंपाइल करायला हवे तेवढेच ‘मेक’ करतो. माणसाने ते लक्षात ठेवायची गरज उरत नाही. पुढे २००३ मध्ये असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने याच कामासाठी फेल्डमन यांना पुरस्कार दिला.

मला या गोष्टीत खटकते ती जॉन्सन यांची सकाळ. ती कोणत्या वहीत नोंदली गेली असेल? हजेरीच्या हिशेबात ती पूर्ण कामाची सकाळ होती. माणूस जागेवर होता, घाम गाळत होता. संस्थेचा पगार खर्च झाला, काम पुढे सरकले नाही, आणि याची नोंद कुठेच नाही. मोठ्या संस्थांत पाणी मुरते ते असे. एकेका माणसाची दहा मिनिटे, तास, अर्धा दिवस. आणि प्रत्येकाला वाटते, की हा माझाच वेंधळेपणा.

मी संगणकाचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस नाही. संगणकाच्या इतिहासातील जुनी निवेदने, आठवणी आणि शोधनिबंध वाचत गेलो, तेव्हा एक धागा हाती लागला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाचा वेळ हा खर्च आहे, हे संस्थांना फार उशिरा आणि हप्त्याहप्त्याने उमगले. त्यातही तो वेळ वाचवणारे लोक बहुतेकदा वेगळे होते आणि मोजणारे वेगळे.

यंत्र महाग, माणूस स्वस्त

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक हा संगणक पहिल्यांदा चालला. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. पुढच्याच महिन्यात, आपला पहिला जरा मोठा प्रोग्रॅम चालवण्याच्या खटपटीत असताना, जिन्याच्या वळणावर त्यांना एकदम जाणवले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार आहे. यंत्र बांधणाऱ्याला वाटले होते, की यंत्र बांधले म्हणजे काम झाले. खरे काम तिथून पुढे सुरू होत होते.

त्यावर केंब्रिजमध्ये जो उपाय निघाला तो आजही टिकून आहे. डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमी लागणाऱ्या गणितांचे तुकडे एकदाच नीट लिहून, तपासून, कागदी फितीवर जपून ठेवायला सुरुवात केली. एकाने वर्गमूळ काढण्याची रीत बिनचूक लिहिली, की दुसऱ्याने ती पुन्हा लिहायची नाही. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या पद्धतीवर पुस्तकच लिहिले.

पण तुकडे तयार असले, तरी ते आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवायचे काम हाताने करावे लागे. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी हेच पाहिले होते. त्यांचे सहकारी वहीत लिहिलेले तुकडे एकमेकांकडून उतरवून घेत आणि प्रत्येक ठिकाणी पत्त्यांच्या आकड्यांची बेरीज करत. हॉपर पुढे व्याख्यानांत गमतीने सांगत, की प्रोग्रॅमरना धड उतरवता येत नाही आणि धड बेरीजही येत नाही. हे दोन्ही न चुकता करणारे यंत्र तर समोरच उभे होते! त्यांनी १९५१-५२ मध्ये तयार केलेला ए-झिरो हा प्रोग्रॅम ते तुकडे शोधून, उतरवून, जोडून देई. मे १९५२ मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात संगणकाच्या शिक्षणाची भाषा होती. माणसाला अधिक काळजीपूर्वक वागायला शिकवण्याऐवजी कंटाळवाणे काम यंत्राला शिकवावे, अशी ही दिशा होती.

तरीही या साऱ्याला पैशाच्या भाषेत मांडले ते जॉन बॅकस यांनी. १९५३ च्या अखेरीस आयबीएममधील आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याची एक सोपी रीत तयार करण्याची परवानगी मागितली. त्यामागचा हिशेब त्यांनी पुढे एका निबंधात नोंदवला आहे. संगणक केंद्रातील प्रोग्रॅमरच्या पगाराचा खर्च निदान यंत्राच्या खर्चाइतका असतोच. शिवाय यंत्राच्या वेळेपैकी पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे आणि सुधारणे यांवरच एकूण खर्चाच्या तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम जाते; आणि यंत्रे स्वस्त होत जातील तसे हे प्रमाण वाढतच जाणार. ज्या काळात वातानुकूलित दालनातील यंत्र हे राजा आणि त्याभोवतीची माणसे हे हुजरे असा रिवाज होता, त्या काळात हा विचार उफराटाच होता.

परवानगी मिळाली. सहा महिन्यांत होईल असे वाटलेले काम तीन वर्षांवर लांबले. एप्रिल १९५७ मध्ये फोरट्रान ग्राहकांच्या हाती पडली. त्याच वर्षीच्या निबंधात बॅकस यांच्या चमूने एक उदाहरण दिले आहे. एका प्रोग्रॅमरने एक दिवसाचा वर्ग केला, थोडी माहितीपुस्तिका चाळली, चार तासांत ४७ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. यंत्राने सहा मिनिटांत त्यापासून सुमारे १,००० यंत्राज्ञा तयार केल्या. उत्तर चुकले, पण आपल्याच लिहिलेल्या ओळींत चूक कुठे आहे ते त्याला सापडले आणि दुसऱ्या खेपेस प्रोग्रॅम बरोबर चालला. हातानेच लिहिला असता तर तीन दिवस, आणि चुका शोधायला आणखी किती कोण जाणे, असा त्याचा अंदाज होता.

वाट पाहण्याची किंमत

लिहिणे सोपे झाले, पण वाट पाहणे तसेच राहिले. कार्डांवर भोके पाडून आणलेला गठ्ठा खिडकीवर द्यायचा. ऑपरेटर असे अनेक गठ्ठे एकापाठोपाठ यंत्रात घालणार, म्हणजे यंत्र क्षणभरही रिकामे राहणार नाही. निकालाचा कागद काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळायचा. एखादा स्वल्पविराम चुकला, की पुन्हा नवे कार्ड, पुन्हा रांग, पुन्हा उद्या. यंत्राच्या वेळेचा मिनिटामिनिटाचा हिशेब होता. माणसाच्या ‘उद्या’चा नव्हता.

जॉन मॅकार्थी यांनी जानेवारी १९५९ मध्ये एमआयटीमध्ये लिहिलेल्या टिपणात याला पर्याय सुचवला. एकाच यंत्रावर अनेक माणसांनी एकाच वेळी काम करावे. प्रत्येकाला यंत्राने क्षणाचा तुकडा द्यावा, आणि प्रत्येकाला वाटावे की यंत्र आपल्याच दिमतीला आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांदो कोर्बातो यांनी तेथेच अशा यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवले. यंत्राची काही शक्ती या वाटपातच खर्च होई. यंत्राची शक्ती घालवून माणसाची वाट पाहण्याची वेळ वाचवायची, हा तो व्यवहार होता. त्यात जिंकलेल्यांसोबत हरलेलेही होते. प्रोग्रॅमर स्वतःच टंकू लागले, तसे कार्डे पंच करणाऱ्यांचे काम हळूहळू संपले.

पण थोडी वाट पाहिली तर बिघडते काय? माणूस तेवढ्यात विचारच करत असतो, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षे चालला. यंत्राने दोन सेकंदांत उत्तर दिले म्हणजे पुरे, असे मानले जाई. १९८२ मध्ये आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी हा समज मोडीत काढला. त्यांच्या निबंधातील आकडे असे: यंत्र तीन सेकंदांत उत्तर देत असेल, तर प्रोग्रॅमर तासाला सुमारे १८० वेळा यंत्राशी देवाणघेवाण करतो, ०.३ सेकंदांत देत असेल तर ३७१ वेळा.

आता हा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा. तासाला १८० म्हणजे प्रत्येक देवाणघेवाणीला २० सेकंद. त्यांत यंत्राचे ३ आणि माणसाचे १७. तासाला ३७१ म्हणजे ९.७ सेकंद, त्यांत यंत्राचे ०.३ आणि माणसाचे ९.४. यंत्राने तीन सेकंदांहून कमी वाचवले, पण माणसाचे साडेसात सेकंद वाचले. वाट पाहताना माणूस विचार करत नव्हता, तर हातातला धागा सोडत होता. नंतरचा वेळ तो धागा पुन्हा शोधण्यात जात होता. ज्याने घरात कुणी सारखी हाक मारत असताना एखादे पत्र लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला हे निबंधाशिवायही पटेल.

माणसे वाढवून पाहिली

वेळ कमी पडतो म्हटल्यावर मोठ्या संस्थेला सुचणारा पहिला उपाय म्हणजे आणखी माणसे. याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आयबीएमनेच केला. ७ एप्रिल १९६४ रोजी तिने सिस्टिम/३६० या संगणकांच्या मालिकेची घोषणा केली. या यंत्रांसाठी ओएस/३६० ही प्रणाली लिहिण्याची जबाबदारी फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होती. ऐन भरात एक हजाराहून अधिक माणसे या कामावर होती. १९६३ ते १९६६ या काळात बहुधा ५,००० मनुष्यवर्षे त्यात गेली, असा ब्रुक्स यांचाच अंदाज आहे. काम उशिराच पुरे झाले.

ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात आपल्या चुकांची जी कबुली दिली, ती मोठ्या पदावरची माणसे सहसा देत नाहीत. रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो आणखी रखडतो, हा त्यांचा निष्कर्ष ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. कारण साधे आहे. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागले तर बोलण्याच्या जोड्या माणसांच्या मानाने फार वेगाने वाढतात. दहा माणसांत ४५ जोड्या होतात, पन्नासांत १,२२५, शंभरांत ४,९५०. शेत कापायला मजूर वाढवता येतात, कारण कापणाऱ्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. प्रोग्रॅमचे तसे नाही. माणूस आणि महिना यांचा गुणाकार बिलावर चालतो, कामावर चालत नाही.

लष्कराच्या भाकऱ्या

मग वेळ वाचवला कोणी? इथे आपण पुन्हा बेल लॅबोरेटरीजकडे वळू. डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात म्हटले होते, की बागेतल्या पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडाव्यात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत ती सोय आणली आणि लहान लहान प्रोग्रॅम जोडून नवे काम क्षणात उभे करणे शक्य झाले. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये मजकुरातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था लिहिली. कोणी, कधी, काय बदलले याचा शोध घेण्यात जाणारे दिवस तिने वाचवले.

याच संस्थेत १९७३ पासून इव्हन आयव्ही यांच्या पुढाकाराने ‘प्रोग्रॅमर्स वर्कबेंच’ उभे राहिले. प्रोग्रॅम ज्या मोठ्या यंत्रांवर चालायचे, ती यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची होती आणि प्रत्येकीची रीत वेगळी. आयव्ही यांची कल्पना अशी, की सुताराला जसा कामाचा ओटा असतो तसे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी वेगळे यंत्रच असावे. लिहिणे, तपासणे, कागदपत्रे तयार करणे हे सारे तिथे व्हावे आणि तयार काम तिथून मोठ्या यंत्रांकडे पाठवावे. १९७७ मध्ये त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. माझ्या मते या इतिहासातील ते एक महत्त्वाचे वळण आहे. इथे एका मोठ्या संस्थेने प्रथमच मान्य केले, की अवजारे करणे हेही एक काम आहे आणि त्यासाठी स्वतंत्र माणसे व यंत्रे लागतात.

एरवी असे काम म्हणजे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. अवजार करणाऱ्याचे नेमून दिलेले काम तेवढे दिवस मागे पडते. फायदा मात्र शंभर जणांना थोडा थोडा होतो, म्हणून कोणालाच तो मोठा दिसत नाही. फेल्डमन यांच्यापाशी ती मुभा होती. ज्या संस्थेत दर आठवड्याला कामाचा हिशेब मागतात, तिथे ‘मेक’ लिहिले गेले असते का, याची मला शंका आहे.

मोजणाऱ्यांची गोष्ट

हिशेब मागणाऱ्यांचीही परंपरा जुनी आहे. १९६८ मध्ये हॅरोल्ड सॅकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्रासमोर बसून काम करणे आणि गठ्ठे देऊन वाट पाहणे, यांची तुलना करणे हा त्याचा हेतू होता. पण लक्षात राहिला तो वेगळाच आकडा. एका गणिती प्रोग्रॅममधील चुका काढायला सर्वांत मागे असणाऱ्याला १७० तास लागले आणि सर्वांत पुढे असणाऱ्याला ६. म्हणजे २८ पट फरक. तेव्हापासून एक असामान्य प्रोग्रॅमर दहा-वीस सामान्यांच्या तोडीचा असतो, ही दंतकथा चालत आली. प्रयोगात माणसे होती बारा. त्यातून दोन टोके उचलून केलेली ती तुलना, आणि सर्वांची कामाची परिस्थितीही एकसारखी नव्हती. परिस्थितीची तुलना करायला केलेल्या प्रयोगातून लोकांनी माणसांची प्रतवारी तेवढी उचलली.

टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतील सुमारे ६०० प्रोग्रॅमरमध्ये स्पर्धा घेतल्या. एकाच कंपनीतले दोघे बहुतेकदा सारखेच काम करत, असे त्यांना आढळले. भाषा कोणती आणि अनुभव किती, यांचा फारसा संबंध दिसला नाही. पण वरच्या पाव गटातील लोकांना सरासरी ७८ चौरस फूट जागा होती आणि खालच्या पाव गटाला ४६. वरच्या गटाला शांतताही अधिक मिळत होती.

मोजण्याची सर्वांत नामी फजिती अॅपल कंपनीत झाली. १९८२ च्या सुरुवातीला ‘लिसा’ या संगणकावर काम करणाऱ्यांकडून दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींची संख्या मागवली जाऊ लागली. बिल अॅटकिन्सन यांनी त्याच सुमारास चित्रे काढणाऱ्या प्रोग्रॅमचा एक भाग नव्याने, अधिक साध्या रीतीने लिहिला होता. तो जवळजवळ सहापट वेगाने चालू लागला आणि सुमारे २,००० ओळी कमी झाल्या. अर्जातील रकान्यात अॅटकिन्सन यांनी भरले: उणे २,०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो अर्ज मागणे बंद झाले.

पंचेचाळीस मिनिटे

संस्था वाढल्या तसे जॉन्सन यांचे दुखणे वेगळ्या रूपात परत आले. २००७ मध्ये गूगलमध्ये एका मोठ्या प्रोग्रॅमच्या कंपाइल होण्याची तपासणी झाली. त्यात सुमारे २,००० फायली होत्या आणि सगळा मजकूर एकत्र केला तर ४.२ मेगाबाइट भरत होता. पण प्रत्येक फाइल इतर फायलींना आत ओढते, त्या आणखी दुसऱ्यांना ओढतात, आणि तोच मजकूर यंत्राला पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. प्रत्यक्षात कंपायलरच्या पुढ्यात आठ गिगाबाइटहून अधिक मजकूर जात होता. लिहिलेल्या एका अक्षरामागे वाचायची दोन हजार अक्षरे! अनेक यंत्रांवर काम वाटूनही असा प्रोग्रॅम तयार व्हायला ४५ मिनिटे लागत. त्या वाट पाहण्यातच रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांना ‘गो’ ही नवी भाषा सुचली, अशी कथा आहे. खुद्द पाइक तिला दंतकथाच म्हणतात. पण त्या भाषेत एक फाइल दुसरीला कशी बोलावते याचे नियम कडक आहेत, ते याच अनुभवातून आले.

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा सारा मजकूर ‘गिट’ या व्यवस्थेत आणला. सुमारे ३५ लाख फायली, ३०० गिगाबाइट आणि ४,००० अभियंते, असा तो पसारा. गिट जसेच्या तसे वापरले असते, तर मी काय काय बदलले आहे, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर यायला दहा मिनिटे लागली असती. ४,००० जणांनी दिवसातून एकदाच तो प्रश्न विचारला, तरी ४०,००० मिनिटे, म्हणजे ६६६ तास होतात. म्हणून कंपनीने अशी सोय लिहिली, की ज्या फायली खरोखर लागतात तेवढ्याच माणसाच्या यंत्रावर याव्यात. दहा मिनिटांची चार-पाच सेकंदे झाली. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

विकलेला तास

या इतिहासात आपण कुठे आहोत? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९७४ मध्ये तिने एका परदेशी रुग्णालय-प्रणालीचे बरोज कंपनीच्या एका यंत्रमालिकेवरून दुसरीवर रूपांतर केले, तेही मुंबईतील आयसीएल १९०३ या वेगळ्याच यंत्रावर बसून. १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र उभे राहिले. आराखड्यावरून प्रोग्रॅम आपोआप तयार करणारी अवजारे हा तेथील संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग राहिला. म्हणजे वेळ वाचवण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही.

पण आपल्या उद्योगाचा पाया वेगळ्या व्यवहारावर उभा राहिला. परदेशी ग्राहकाशी होणारे करार ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकात ठरलेल्या कामाची ठरलेली रक्कम मिळते. दुसऱ्यात जितक्या माणसांचे जितके तास, तितकी रक्कम. दुसऱ्या प्रकारात तास हाच विकायचा माल आहे. दहा तासांचे काम सहा तासांत करणारे अवजार कोणी केले, तर बिल चार तासांनी कमी होते. ब्रुक्स यांनी ज्याला मिथक म्हटले, तो मनुष्य-महिना आपल्याकडे चलनी नाणे झाला. हिंजवडीतील किंवा ऐरोलीतील कोणत्याही अभियंत्याला टाइमशीट म्हणजे काय हे विचारावे. त्या तक्त्यात जॉन्सन यांची सकाळही आठाच्या आठ तासांत बसते, आणि फेल्डमन यांची सुट्टी बसत नाही.

आज यंत्रच प्रोग्रॅम लिहून देऊ लागले आहे. त्यामुळे तास वाचतील, हे खरे. पण बॅकस यांचा हिशेब विसरून चालणार नाही. चुका शोधण्याचा खर्च त्यांनी लिहिण्याच्या बरोबरीने धरला होता. दुसऱ्याने लिहिलेले तपासायला किती वेळ लागतो, आणि वाचलेला तास कंपनीचा, ग्राहकाचा की काम करणाऱ्याचा, हे प्रश्न अवजार सोडवत नाही. ते करारात आणि पगारात सुटतात.

शेवटी ‘मेक’कडेच येतो. त्याच्या नियमफायलीत काही ओळींच्या सुरुवातीला टॅबच लागतो. तिथे साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत जगभरच्या किती शिकाऊ मुलांच्या सकाळी वाया गेल्या असतील, त्याची गणती नाही. फेल्डमन यांनी याचे कारण मोकळेपणाने सांगितले आहे. अवजार लिहून काही आठवडे होताच त्यांच्या लक्षात आले, की हे बदलायला हवे. पण तोवर ते वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांची घडी कशाला विसकटायची, म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले.

माणसांचा वेळ वाचवायला बसलेला इतका जाणता कारागीरही समोरच्या डझनभरांचा त्रास पाहू शकला. न दिसणाऱ्या लाखोंचा नाही. मोठ्या संस्थेत वेळ याच वाटेने जातो, आणि तो वाचवायचा तर कोणीतरी त्या न दिसणाऱ्यांच्या सकाळी मोजायला बसावे लागते.